सरासरी गाठली, पण पाऊस पडला कधी?

‘यंदा पाऊस सरासरीइतका’ ही सप्टेंबरअखेरची बातमी शेतकऱ्याच्या फारशा कामाची नसते. मृगात पेरलं, मग तीन आठवडे उघडीप, दुबार पेरणी आणि पुढे दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळला, तरी हंगामाची बेरीज जुळतेच.

शिवाय ही सरासरीही बदलते. हवामान विभागाने 2022 साली देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी 880.6 वरून 868.6 मिलिमीटरवर आणली, कारण 1961–2010 ऐवजी 1971–2020 ही वर्षं हिशेबात धरली. याचं खापर सरसकट तापमानवाढीवर फोडता येत नाही. मोसमी पावसाची काही दशकं मुळातच ओली जातात, काही कोरडी. एका दुष्काळावरून हवामान बदलाचं निदान करणारे हे विसरतात.

तापमानाबाबत मात्र शंकेला जागा कमी. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढलं. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर तर 1951 ते 2015 मध्येच सुमारे 1 अंशाने तापला. गोम इथे आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून बाष्पाने भरलेले वारे आत येतात. समुद्र तापत गेला आणि धूर-धुळीच्या कणांनी जमिनीवरचं ऊन अडवलं, तर ही तफावत घटते आणि वाऱ्यांचा जोर ओसरतो. 1951 ते 2015 या काळात मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात.

मग मुसळधार पाऊस वाढला कसा? हवा 1 अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं. वारे मंद असले तरी ज्या दिवशी सगळं जुळून येतं, त्या दिवशी बरसायला माल भरपूर असतो. मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त पावसाच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. असं पाणी मुरत नाही, मातीसकट ओढ्याला जातं.

परतीचा पाऊसही लांबला. 2020 साली हवामान विभागाने मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. केरळातल्या आगमनाची 1 जून कायम राहिली, पण मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. सोयाबीन काढणीला येतं ते याच सुमारास. भिजलेल्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटतात.

कोरड्या खंडातून सुटायला लवकर येणारे वाण घ्या, हा सल्ला म्हणूनच अर्धा वाटतो. तेच पीक पावसात पिकायला येऊ शकतं. त्यापेक्षा रुंद वरंबा-सरी पद्धत, म्हणजे रुंद गादीवर पीक आणि दोन्ही बाजूंना चर, दोन्हीकडून उपयोगी: उघडीप पडली तर सरीतली ओल टिकते, धो-धो आला तर जादा पाणी निघून जातं.