पार्किंगचा रंग खालून सुटतो

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या आमच्या घराच्या पार्किंगला राखाडी ऑइलपेंट दिला. झाडून, धुऊन, वाळवून दोन हात दिले. दिवाळीला आलेल्यांनी कौतुक केलं. होळीपर्यंत बरोबर चार जागी, जिथे चाकं उभी राहतात तिथे, पोस्टकार्डाएवढे पोपडे सुटले होते. पुढच्या पावसाळ्यात उरलेल्या रंगावर फोड आले. एक फोड टोचून पाहिला तर आतून पाणी आलं आणि बोटांना बुळबुळीत लागलं. दुकानदार म्हणाला, "रंग हलका वापरलात." तेव्हा मला ते पटलंही होतं.

पोस्टकार्डाएवढे हे मी उगाच म्हणत नाही. गाडी 1200 किलोची धरली तर एका चाकावर साधारण 300 किलो येतात. टायरमध्ये 32 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला की टायर जमिनीला टेकतो तो भाग सुमारे 130 चौरस सेंटिमीटर निघतो. आपलं पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटर, म्हणजे 126. एवढ्याशा जागेवर पाव गाडी रात्रभर उभी असते.

पण चाकांकडे नंतर येऊ. फोडांची गोष्ट जास्त गमतीची आहे, आणि तिची सुरुवात पार्किंगचा कोबा, म्हणजे सिमेंट-खडीची जमीन, घातला त्या दिवशी होते.

सिमेंट पाण्याने भिजून, मग वाळून घट्ट होतं असा आपला समज असतो. खरं तर ते वाळत नाही, पाण्याशी संयोग पावतं. पाण्याचे रेणू सिमेंटमधल्या कॅल्शियम सिलिकेटांशी जोडले जातात आणि त्यातून खडीला धरून ठेवणारा चिकट, सूक्ष्म पदार्थ तयार होतो. म्हणून तर घातलेल्या कोब्यावर गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारतात. आता हिशेब पाहा. 50 किलोच्या एका गोणीला या रासायनिक क्रियेसाठी 12-13 लिटर पाणी पुरतं. पण तेवढ्यात माल थापीने हलणारही नाही, म्हणून चांगल्या कामातही 20-25 लिटर घालावं लागतं. गवंड्याला माल पसरायला सोपा हवा असतो, आणि मग एखादी बादली जास्तीची जाते. क्रियेत न लागलेलं पाणी पुढे महिनोन्महिने उडून जातं आणि जिथे होतं तिथे केसापेक्षा कितीतरी बारीक नळ्यांचं जाळं मागे ठेवतं. आपण ज्याला दगडासारखं भरीव समजतो, तो कोबा असा स्पंज असतो. माल जितका पातळ, तितका स्पंज मोकळा.

या स्पंजाच्या खाली काय असतं? दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, आणि त्याखाली नाशिकच्या बऱ्याच वसाहतींमध्ये काळी माती. काल-परवापर्यंत तिथे द्राक्षं किंवा भाजीपाला होता. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीच्या मानाने तो काहीच नाही, पण माती ओली ठेवायला पुरेसा आहे. कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला असता तर ओल तिथेच अडली असती. घरगुती कामात तो कोणी अंथरत नाही. मीही अंथरला नव्हता.

मातीतली ओल बारीक नळ्यांमधून वर चढत राहते आणि कोब्याच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन निघून जाते. रंग दिलेला नसतो तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गरम पोळ्यांच्या डब्याला झाकण लावलं की आतून थेंब धरतात, तसं त्यावर रंगाचं झाकण बसलं की वाट बंद होते. पाणी रंगाच्या पापुद्र्याखाली साठतं. वाटेत त्याने सिमेंटमधले क्षार विरघळवून आणलेले असतात. पातळ पापुद्र्याखाली खारं पाणी, आणि ते आजूबाजूच्या कमी खाऱ्या पाण्याला आपल्याकडे ओढतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात ना, तेच तत्त्व. फोड असे वाढतात.

आणि तो बुळबुळीतपणा? सिमेंटच्या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, मोठ्या प्रमाणात तयार होतो. त्यामुळे काँक्रीटमधल्या पाण्याचा सामू (pH) साडेबाराच्या वर असतो, म्हणजे ते कडक अल्कली असतं. ऑइलपेंटचा बांधा तेलापासून बनवलेल्या राळेचा (रेझिनचा). तेल आणि कडक अल्कली एकत्र आले की काय होतं हे घरी खोबरेल आणि कॉस्टिक घेऊन ज्यांनी वड्या पाडल्या आहेत त्यांना माहीत आहे: साबण. माझ्या पार्किंगचा रंग खालच्या बाजूने हळूहळू साबण होत होता! जुन्या कोब्याच्या वरच्या थरातली अल्कली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे थोडी सौम्य झालेली असते, पण ओल आतून वर येताना ताजी अल्कली घेऊनच येते. म्हणून ऑइलपेंट लोखंडी गेटवर वर्षानुवर्षं टिकतो आणि दोन पावलांवरच्या जमिनीवर एक पावसाळाही काढत नाही.

त्यामुळे जमिनीसाठी सहसा इपॉक्सी सुचवतात. नाव परकं वाटलं तरी ओळख जुनी आहे. कपाचा तुटलेला कान जोडायला आपण दोन ट्यूबांतला जो अराल्डाइट कालवतो, तो इपॉक्सीच. पिअर कास्तान हा स्विस रसायनशास्त्रज्ञ 1930च्या दशकात दातांच्या उपचारात लागणाऱ्या पदार्थांवर काम करत होता, त्यातून ही राळ पुढे आली. 1946 मध्ये सिबा कंपनीने ती अराल्डाइट या नावाने बाजारात आणली. हिच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं तिकोनी कडं असतं. कार्बनच्या बंधांना ऐसपैस, 109 अंशांचा कोन आवडतो. या कड्यात त्यांना 60 अंशांत कोंबलेलं असतं. साहजिकच कडं सुटायला टपलेलं असतं. हार्डनरमधले, म्हणजे दुसऱ्या ट्यूबमधले, अमाइन रेणू भेटले की ते उघडतं, अमाइनला जोडलं जातं, आणि बघता बघता लांबी-रुंदी-जाडीत विणलेलं एकच एक जाळं तयार होतं. या जाळ्याला अल्कली साबण बनवू शकत नाही.

इथे एक घरगुती शहाणपण नडतं. "हार्डनर थोडा जास्त घाल, लवकर वाळेल." हार्डनर हा विरजणासारखा चमचाभर पुरणारा पदार्थ नाही. तो जाळ्याचा अर्धा धागाच आहे. जास्त घातला तर उरलेल्याला जोडीदार मिळत नाही आणि जमीन कायमची चिकट राहते. दुसरं, या क्रियेत उष्णता निघते. जमिनीवर पातळ पसरलेलं मिश्रण ती सहज टाकून देतं. बादलीत ठेवलेलं टाकू शकत नाही, तापतं, तापल्यामुळे क्रिया आणखी भडकते, आणि एप्रिलच्या दुपारी चहा घेऊन येईपर्यंत बादलीतून धूर निघत असतो. म्हणून कालवलं की लगेच ओतायचं, थोडं थोडं कालवायचं.

एवढं सगळं नीट करूनही इपॉक्सीचे पापुद्रे निघालेले मी पाहिले आहेत, आणि माझ्या मते दोष बहुतेक वेळा वरच्या कातडीचा असतो. काँक्रीट दाबाला दणकट, पण ओढीला कच्चं. त्याची ओढ सहन करायची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. तरी चांगल्या काँक्रीटचा नखाएवढा तुकडा उपटायला वीसेक किलोचा जोर लागतो. घरच्या कोब्याचा वरचा थर मात्र असा नसतो. घोटाई करताना वर आलेलं पाणी टिपायला गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि गुळगुळीत घोटतो. दिसायला सुरेख. वर मात्र एक दुबळी साय उरते, जी झाडताना रोज धूळ सोडते. इपॉक्सी या सायीला घट्ट धरते आणि साय इपॉक्सीसकट उठते. उठलेला पापुद्रा उलटा करून पाहा. मागे सिमेंटची करडी पूड चिकटलेली असेल तर रंगाला बोल लावू नका.

ही साय काढायचे दोन मार्ग. एक, हिऱ्याच्या चकत्यांचं ग्राइंडिंग मशीन भाड्याने आणून घासणं. आवाज आणि धूळ यांनी शेजारी वैतागतात, पण काम पक्कं होतं. दुसरा, ॲसिडने धुणं. हायड्रोक्लोरिक ॲसिड चुन्यावर फसफसतं आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरबरीत करतं. त्याची वाफ मात्र पार्किंगमधल्या सायकलीपासून ग्रिलपर्यंत सगळ्या लोखंडाला गंज आणते. ॲसिड टाकलेल्या जागेवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी पडलं तर क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसांसाठी घातक. आणि ऑइलच्या डागावर ॲसिडचा काही परिणाम होत नाही, तो आधी डिटर्जंटने काढावा लागतो. मी ग्राइंडरच्या बाजूचा. घासून झाल्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे. मिनिटभरात मुरले तर छान, मण्यासारखे बसून राहिले तर तिथे अजून तेल किंवा साय आहे.

मग हवामान. नाशिकचं हिवाळी तापमान ही आपल्या अभिमानाची गोष्ट, पण 10 अंश उतरले की इपॉक्सीच्या क्रियेचा वेग जवळपास निम्मा होतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की ती अर्धवट जमते. न जुळलेले अमाइन हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून वर मेणचट थर आणतात, आणि त्यावर दुसरा हात धरत नाही. जमीन दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान 3 अंश गरम हवी, असा यातल्या जाणत्यांचा दंडक आहे. शिवाय सकाळी कोबा तापायला लागतो तशी नळ्यांमधली हवा फुगून वर येते आणि ओल्या रंगात टाचणीएवढी भोकं पाडते. दुपार कलल्यावर, कोबा निवायला लागला की तीच हवा रंगाला आत ओढून घेते. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, दुपारी चारनंतर, हा माझा मुहूर्त.

आता चाकं. मुंबईहून कसारा घाट चढून आलेल्या गाडीचे टायर चांगलेच तापलेले असतात. घरगुती तापमानाला जमलेली इपॉक्सी साधारण 45 ते 60 अंशांच्या दरम्यान काचेसारखा कडकपणा सोडून थोडी मऊ पडते, आणि ऑइलपेंट तर त्याहून हळवा. त्यात टायरच्या रबरातली तेलं रंगात उतरून त्याला आणखी सैल करतात. मग टायर निवतो, आक्रसतो आणि मऊ झालेल्या रंगाला धरून ओढतो. सकाळी गाडी काढली की पोस्टकार्ड टायरला चिकटून जातं. जिथे ऊन येतं तिथे साध्या इपॉक्सीचं दुखणं आणखी वेगळं: अतिनील किरणांनी ती पिवळी पडते आणि खडूसारखी भुकटी सोडते. तिथे वरून पॉलियुरेथेनचा हात लागतो.

यंदा मी आधी परीक्षा घेतली. अर्धा मीटरपेक्षा थोडा कमी असा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा, चारही कडा टेपने बंद, संध्याकाळी चिकटवून दुसऱ्या दिवशी दुपारी उचलायचा. असे तीन तुकडे लावले. घराच्या भिंतीकडचे दोन कोरडे निघाले. गेटकडच्या तुकड्याखाली, मार्च असूनही, कोबा गडद झाला होता आणि प्लॅस्टिकला बारीक थेंब लटकत होते. त्या बाजूला शेजारच्या बागेची नळी दिवसभर चालू असते.

म्हणून पार्किंग आता दुरंगी आहे. आतल्या भागाला घासून इपॉक्सी दिली, घसरू नये म्हणून वर बारीक वाळू भुरभुरली. गेटकडच्या पट्ट्याला नुसतं सिलिकेटचं द्रावण पाजलं. ते मोकळ्या चुन्याशी संयोग पावून नळ्यांमध्येच सिमेंटचा तोच चिकट पदार्थ तयार करतं. धूळ थांबते, वाफेची वाट उघडी राहते आणि वर पापुद्राच नसल्याने सुटायला काही नसतं. तेलाचा डाग मात्र त्यावर पडतो, पडलाही आहे. आईची रांगोळी त्या पट्ट्यावर चांगली बसते, इपॉक्सीवर वाऱ्याने सरकते, त्यामुळे दोन्हींपैकी बरी बाजू कोणती याबद्दल घरात एकमत नाही.