चार आण्यांची पायवाट

येऊरच्या पाड्यांकडे किंवा खारघरच्या डोंगरात रविवारी सकाळी चालणारे आणि सायकलवाले एकमेकांवर चिडतात, तेव्हा भांडण वागणुकीचं वाटतं. मुळात ते रुंदीचं आणि वेगाचं आहे.

रुंदी ठरली इंग्रजी अमलातल्या मोजणीत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 सारखे भाग, एकेक भाग म्हणजे आणा. साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे आपला गुंठा, 1089 चौरस फूट. गावनकाशावर पायवाट एकेरी तुटक रेषेची, रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे बरोबर चार आणे. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेची, साडेसोळा ते एकवीस फूट. सव्वाआठ फुटांत डोक्यावर मोळी घेतलेली बाई आणि समोरून येणारा लादलेला बैल आरामात पार होत, कारण दोघांची चाल सारखीच संथ. मुरबाडकडून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळापासून माणसं आणि ओझ्याची जनावरं एकाच दगडी वाटेने गेली.

सायकलने हे गणित मोडलं. उतारावर ती ताशी 25 किलोमीटरने येते, तीही आवाज न करता. इंग्लंड-वेल्समध्ये 1968 च्या कायद्याने घोडेवाटा सायकलींना खुल्या केल्या, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याची अट घालूनच. आपल्याकडे 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो (दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो), आणि 1966 च्या महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून शेतात जायला वाट देतं. दोन्हींचा विचार शेतकऱ्याच्या गरजेचा, आणि तो योग्यच होता.

शिवाय सव्वाआठ फूट कागदावर. डोंगरात झुडपं वाढून हातभर वाट उरते. मुरमाच्या उतारावर चाकं एकाच रेषेत फिरली की चर पडते, जूनमध्ये पाणी तिच्यातूनच धावतं आणि खालची खडी उघडी पडते. मग चालणारे कडेने जातात, गवत मरतं, चर आणखी रुंदावते. वाटेवर तिरकी दगडांची ओळ रोवून पाणी उताराकडे काढून दिलं तर हे थांबतं, मात्र काम पावसाआधी व्हायला हवं.

घोडे आता मुख्यतः माथेरानला. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या डोंगरावर चढले. तिथे मोटारबंदी असल्याने पायी लोक आणि घोडे आजही एकाच लाल मातीच्या वाटेवर असतात. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही. मागून जवळ येऊन अचानक घंटी वाजवली तर तो बिचकतो, लाथही मारतो. लांबूनच बोलून आवाज द्यावा आणि घोडेवाल्याने हात केला की मगच पुढे जावं.