मुंबईतील प्रेस्बिटेरियन मंडळ्या, त्यांची प्रादेशिक सभा आणि सेवाकार्य : पार्श्वभूमी

प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती व्यवस्थेत बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख, नसतो. प्रत्येक मंडळीचा, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाचा, कारभार पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील (एल्डर, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी) एकत्र बसून पाहतात. एका प्रदेशातील अशा मंडळ्यांचे पाळक व वडील ज्या सभेत जमतात ती प्रेस्बिटेरी. तिच्या वर सिनड ही अधिक मोठ्या प्रदेशाची सभा आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली ही संपूर्ण चर्चची सभा. पाळकाची दीक्षा, मंडळ्यांमधील तंटे आणि शाळा-दवाखान्यांसारखी सेवाकार्ये हे सारे प्रेस्बिटेरी या प्रादेशिक सभेच्या अखत्यारीत येते. मुंबईत मात्र हा क्रम उलटा घडला. येथे आधी शाळा निघाल्या, मग एतद्देशीय मंडळी उभी राहिली, आणि तिला पाळक देण्याची वेळ आली तेव्हा प्रादेशिक सभेला खरा अर्थ आला.

फोर्टमधील सेंट अँड्र्यूज चर्च 1819 सालचे आहे; परंतु ते येथील स्कॉटिश व्यापारी, अधिकारी व सैनिकांसाठी होते. मराठी माणसांशी संबंध आला तो स्कॉटिश मिशनरी सोसायटीमुळे, आणि तोही आधी कोकणात, बाणकोट-हर्णै परिसरात. 1829 मध्ये या सोसायटीचे मिशनरी जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट मुंबईत आले आणि हर्णैला राहून मराठी शिकून पुन्हा शहरात परतले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा उघडल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपला आरंभ तेथपर्यंत नेते. 1835 मध्ये त्यांचे निधन झाले. विल्सन यांच्या कीर्तीत त्यांचे काम अनेकदा झाकले जाते. वस्तुतः मुंबईतील या मिशनचे सर्वांत टिकाऊ काम त्यांनी सुरू केले, असे म्हणायला हरकत नाही. 1831 मध्ये विल्सन यांनी प्रेस्बिटेरियन पद्धतीची एक लहानशी देशी मंडळी स्थापली. 1832 मध्ये गिरगावात इंग्रजी शाळा निघाली, तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. चौपाटीसमोरची कॉलेजची इमारत 1889 ची.

शाळेतून धर्मांतरे होऊ लागली तशी शहरात खळबळ माजली. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि शाळेतील पारशी मुले घरोघर परतली. 1843 चे शेषाद्री प्रकरण मराठी समाजाला अधिक जवळून लागले. नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा वडिलांनी दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. मुलगा घरी आला खरा, पण ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेल्याला ज्ञातीत परत घ्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगले. पाळक नेमण्यात जमीनदारांचा व सरकारचा हात नसावा, या मुद्द्यावर बाहेर पडलेल्यांनी फ्री चर्च स्थापले. मुंबईत रॉबर्ट नेसबिट व मरे मिचेल या मिशनऱ्यांनी त्याची बाजू घेतली; विल्सन स्वदेशी निघाले होते, तेही त्यांना मिळाले. इमारत व मालमत्ता मूळ चर्चकडे राहिली आणि शाळेला नव्या जागेत, जवळजवळ रिकाम्या हाताने, पुन्हा संसार मांडावा लागला. शिक्षक आणि बाटलेले तरुण सोबत आले, म्हणूनच ते साधले.

धनजीभाईंची दीक्षा 1846 मध्ये स्कॉटलंडमध्ये झाली. नारायण शेषाद्रींना मात्र 1854 मध्ये मुंबईतच दीक्षा मिळाली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एतद्देशीय पाळक झाला की तो प्रेस्बिटेरीत युरोपीय मिशनऱ्याच्या बरोबरीने बसतो आणि त्याचे मतही तेवढेच मोजले जाते. पैशाची सूत्रे मिशनच्या हाती असल्याने ही बरोबरी व्यवहारात कितपत उतरली, हा प्रश्न उरतोच. शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि तेथे प्रामुख्याने महार व मांग समाजांत काम केले.

दक्षिण महाराष्ट्रात अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचा वेगळा प्रवाह होता. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि 1894 मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिरजेचे रुग्णालय उघडले.

पुढचा इतिहास एकीकरणाचा आहे. 1904 मध्ये देशातील बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या एका भारतीय चर्चमध्ये आल्या. 1924 मध्ये काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या, मंडळ्यांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनले आणि प्रेस्बिटेरीची जागा चर्च कौन्सिलने घेतली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापले. बिशप नको म्हणणाऱ्यांनी येथे बिशप स्वीकारला, पण तो घटनेने बांधलेला आणि निवडून आलेल्या सभासदांच्या कौन्सिलसह काम करणारा. मुंबईतील जुन्या स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्या आता याच चर्चच्या मुंबई धर्मप्रांतात आहेत. सिनड हे नाव आणि त्याच्या प्रमुखाचे मॉडरेटर (सभाध्यक्ष) हे पद मात्र कायम आहे.

प्रेस्बिटेरियन हे नाव आज धारण करणारे मोठे भारतीय चर्च ईशान्येकडचे आहे. 1841 मध्ये खासी टेकड्यांत वेल्श मिशनने सुरू केलेल्या कामातून ते वाढले, त्याचे मुख्यालय शिलाँगला आहे, आणि 1970 च्या एकीकरणात ते सामील झाले नाही.