वर्वे ट्रान्झिशन

मॅग्नेटाइट, म्हणजे आपला चुंबकी दगड, हे लोखंडाचं ऑक्साइड थंड करत नेलं की साधारण 125 केल्विनला (उणे 148 सेल्सियसच्या आसपास) त्यातून वीज वाहणं एकदम शंभरेक पटीने कमी होतं आणि स्फटिकाची चौकोनी ठेवणही तिरकी होते, या बदलाला वर्वे ट्रान्झिशन म्हणतात. नाव डच शास्त्रज्ञ एव्हर्ट वर्वे यांचं, त्यांचा पेपर 1939 चा, पण उष्णतेच्या मोजमापात तिथे उसळी येते हे बहुधा 1920 च्या दशकातच दिसलं होतं. इथे चुंबकत्व जात नाही हे नीट लक्षात घ्यावं, ते 850 केल्विनच्या आसपासपर्यंत टिकतं, बदलते ती इलेक्ट्रॉनची मांडणी.

खरा वाद आहे तो कारणाचा. वर्वेंच्या मते अष्टफलकी जागांवर (सहा ऑक्सिजननी वेढलेल्या) फेरस म्हणजे दोन धनभाराचे आणि फेरिक म्हणजे तीन धनभाराचे लोखंडाचे आयन निम्मे-निम्मे असतात, ट्रान्झिशनच्या वरच्या तापमानाला फेरसवरचा जास्तीचा इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि थंडीत जागच्या जागी गोठतो. सुटसुटीत चित्र आहे, शिकवायलाही सोपं. पण 1956 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी दाखवलं की आयनांच्या या जाळीत शेजारच्या शेजारी विद्युतभाराचा तोल सांभाळायचे खूप मार्ग निघतात, म्हणजे ट्रान्झिशनच्या वरही थोडी शिस्त उरतेच. 2001 च्या न्यूट्रॉन आणि क्ष-किरण मोजणीत तर दोन आयनांच्या भारातला फरक अख्ख्या इलेक्ट्रॉनचा नाही, 0.2 च्या आसपासच निघाला. 2012 मध्ये सेन, राइट आणि अ‍ॅटफील्ड यांनी 'ट्रायमरॉन' मांडला, म्हणजे एका रेषेतले तीन लोखंडाचे अणू जवळ सरकतात आणि मधल्या फेरसचा इलेक्ट्रॉन तिघांत पसरतो. आजच्या घडीला हेच चित्र जास्त पटतं.

फोटोएमिशनवाल्यांचंही (प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजणारे) एकमत नव्हतं. 1995 च्या मोजमापात ट्रान्झिशनच्या खाली सुमारे 70 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप (इलेक्ट्रॉनला वाहायला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी), वर ती मिटलेली. 1997 च्या मोजमापात गॅप वरही राहते, फक्त 50 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टने आकसते. दुसरी बाजू बरोबर वाटते, कारण ट्रान्झिशनच्या वरही रूम टेम्परेचरपर्यंत मॅग्नेटाइट तापवलं की वीज जास्त वाहते आणि साधा धातू असं वागत नाही.

2013 मध्ये लेझरने हा बदल उलटा घडवला तेव्हा दीडेक पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) लागले.

ठाण्याला येऊरच्या ओढ्यात किंवा बेलापूरला पारसिकच्या उतारावर पावसाळ्यानंतर साचलेल्या वाळूत स्पीकरमधलं लोहचुंबक फिरवलं की काळी पूड चिकटते, ती बेसॉल्ट झिजून आलेली, त्यात बरंचसं टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट असतं. टायटॅनियम थोडं असलं तरी ट्रान्झिशनचं तापमान खाली घसरतं, आणखी वाढलं की ती पुसट होत नाहीशीच होते. त्यामुळे ही पूड लिक्विड नायट्रोजनमध्ये (77 केल्विन) बुडवून बहुधा काही दिसायचं नाही, त्याला शुद्ध मॅग्नेटाइटचा स्फटिक लागतो.