‘त्याला चढतच नाही’

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि तो दारू प्यायला होता, असं पोलिसांनी सांगितलं. मग वय, परवाना, पब यांवर भरपूर चर्चा झाली. मेंदूवर मात्र फारच थोडी.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षांची अट आहे, गोव्यात १८ ची. मेंदू दोन्हीकडे साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो.

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हा समज साध्या गुणाकारात निकाली निघतो. ६५० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये ३२.५ मिली अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगात (४२.८ टक्के) सुमारे २६ मिली. ८ टक्के स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे सरळ दोन लार्ज पेग.

याहून घातक समज म्हणजे ‘आमच्या पोराला चढत नाही, कपॅसिटी आहे.’ अल्कोहोल मेंदूत मुख्यतः दोन ठिकाणी काम करतं. ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींचा ब्रेक आहे. अल्कोहोल तो आणखी दाबतं, म्हणून झोप येते, तोल जातो. दुसरीकडे ग्लुटामेट हे चेतापेशींना चेतवणारं रसायन; त्याचा संदेश पकडणारे पेशींवरचे ‘एनएमडीए’ ग्राही अल्कोहोल दाबून टाकतं. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाच्या भागात नवी आठवण पक्की होते ती याच ग्राहींमधून कॅल्शियम आत शिरल्यावर. प्रयोगशाळेत वजनाच्या प्रमाणात सारखीच मात्रा दिली, तर किशोरवयीन उंदीर प्रौढांपेक्षा कमी झोपतात, कमी लडखडतात आणि रक्तात जास्त अल्कोहोल असतानाच उठून उभे राहतात. पण त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधलं एनएमडीएचं काम मात्र प्रौढांपेक्षा जास्त दबलेलं सापडतं. म्हणजे ‘आता पुरे’ असं शरीराने सांगायचं ते उशिरा सांगितलं जातं आणि शिकणाऱ्या भागाचं नुकसान तोवर सुरू झालेलं असतं. याला कपॅसिटी म्हणणं धोक्याचं आहे.

सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाला चमचाभर ब्रँडी पाजणारी घरं अजूनही आहेत. ते ताबडतोब थांबायला हवं. ब्रँडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम लागतं, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. अल्कोहोल मोडणारी विकरं बाळाच्या यकृतात पुरेशी तयार नसतात आणि रक्तातली साखर घसरू शकते.

‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हेही तितकंच चुकीचं. पोटात उरलेली दारू शेवटच्या घोटानंतरही रक्तात शिरत राहते. लिंबू, ताक, कॉफी यांनी यकृताचा वेग वाढत नाही. मूल हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा थांबत-थांबत चालला असेल, अंग गार पडलं असेल, तर कुशीवर वळवा, उलटी काढायला बोटं घालू नका, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन करा. काय आणि किती प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगा.