मलबारचा डच कमांडर आणि त्याच्या पुस्तकातलं नागरी पान

वेंगुर्ल्याची पडकी डच वखार आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेली असते, पण ती ज्या कंपनीची होती तिची माणसं नक्की कशी होती, काय करायची, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून त्यातल्या एका माणसाबद्दल जरा सविस्तर लिहितोय, हेंड्रिक आद्रियान फान रेडे. कारण त्याच्या पुस्तकात आपल्या लिपीतलं एक पान आहे.

आधी कंपनी. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. वर हॉलंडमध्ये सतरा डायरेक्टर, इकडे आशियात बटाव्हियाला (म्हंजे आजचं जकार्ता) गव्हर्नर जनरल, आणि त्याच्या हाताखाली ठिकठिकाणचे गव्हर्नर, कमांडर. मसाल्याची मक्तेदारी हा सगळा खेळ. लवंग, जायफळ, दालचिनी त्यांनी बऱ्यापैकी ताब्यात घेतली, राहिली मिरी, आणि मिरी म्हंजे मलबार (आजच्या केरळचा किनारा), तिथे पोर्तुगीज ठाण मांडून बसलेले. रायक्लोफ फान खून्स नावाच्या सेनापतीने १६६३ च्या जानेवारीत कोचीन जिंकून त्यांना हुसकावलं. फान रेडे उट्रेख्टकडच्या सरदार घराण्यातला, १६३६ चा जन्म, विशीतच कंपनीत शिरलेला, तो या मोहिमेत होता. १६६२ च्या हल्ल्यात मट्टांचेरीला कोचीनची म्हातारी राणी त्याच्या हाती लागली आणि तिला त्याने जिवंत सुरक्षित ठेवलं. पुढे दरबारात त्याचं वजन वाढलं, स्थानिक राजकारण त्याला आतून कळायला लागलं.

१६७० च्या आसपास तो मलबारचा कमांडर झाला. कमांडर हे पद गव्हर्नरपेक्षा एक पायरी खाली, काम मात्र तेच, किल्ला, फौज, राजांशी तह, आणि सगळ्यात डोकेदुखीची मिरीची खरेदी. तह असा की मिरी फक्त कंपनीलाच विकायची आणि ठरलेल्या भावात. भाव कमी, मग व्यापारी तो माल घाटावरून किंवा छोट्या होड्यांतून दुसरीकडे काढायचे, आणि कमांडर त्यांच्यामागे पळत बसायचा. बळजबरीचा धंदा होता तो, त्यात गोड काही नव्हतं.

त्यात फान खून्सशी बिनसलं. फान खून्सला सगळा कारभार कोलंबोभोवती, सिलोनला (आजचं श्रीलंका) धरून हवा होता, मलबार म्हंजे त्याची शेपटी. फान रेडेचं म्हणणं उलट, मलबार स्वतःच्या जिवावर श्रीमंत आहे. आता हे सिद्ध कसं करायचं? शिवाय कंपनीची औषधं युरोपातून भारी किमतीला यायची आणि त्यातल्या कित्येक जडीबुटी मुळात आशियातूनच तिकडे गेलेल्या असायच्या. इथून सुरू झालं ‘हॉर्टस मलबारिकस’. म्हंजे मलबारच्या झाडापाल्याचं हे प्रचंड पुस्तक एका पातळीवर ऑफिसातल्या भांडणातून आलंय, आणि मला वाटतं हे लक्षात ठेवूनच ते वाचावं, पण त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही.

माणसं राबली ती अशी. इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वैद्य, पिढीजात औषधाचं ज्ञान असलेला, त्याने झाडं ओळखून त्यांचे गुण सांगितले. मग रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट, हे तिघे कोकणी ब्राह्मण, गोव्यात पोर्तुगीजांच्या छळामुळे ज्यांचे पूर्वज कोचीनला जाऊन वसले त्या समाजातले, त्यांनी निघंटूच्या, म्हंजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांच्या आधाराने माहिती दिली. मजकूर मल्याळममधून पोर्तुगीज, मग डच, मग लॅटिन असा उतरत गेला. लॅटिन करणाऱ्यांत योहानेस कासेआरिउस नावाचा पाद्री होता, जो तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा विद्यार्थी होता!

पहिला खंड १६७८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला, सुरुवातच माडाने. आणि याच खंडात ते पान आहे, तिघा पंडितांचा १६७५ चा दाखला, भाषा कोकणी, लिपी नागरी. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ हे काम केलं असं ते त्यात सांगतात. अच्युतनचा दाखला वेगळा, जुन्या कोलेळुत्तु लिपीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या कागदावर आपली अक्षरं, आणि खाली सांगणाऱ्यांची नावं. त्या काळात युरोपीय पुस्तकं स्थानिक माणसाकडून ज्ञान घ्यायची आणि नाव गाळायची, इथे ते झालं नाही, आणि यासाठी फान रेडेला श्रेय दिलंच पाहिजे. चित्रांवरसुद्धा झाडाचं नाव मल्याळम, अरबी आणि नागरीत आहे. पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये झाडांना शास्त्रीय नावं दिली तेव्हा भारतातल्या बऱ्याच झाडांसाठी त्याच्यासमोर हीच चित्रं होती. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अख्खी हयात घालवून या लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी केलं, ते २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने काढलं.

फान रेडे १६७७ ला मलबार सोडून बटाव्हियाला आणि मग घरी गेला. १६८४ ला डायरेक्टरांनी त्याला परत पाठवलं, या वेळी कमिशनर जनरल म्हणून, कंपनीच्या नोकरांचा भ्रष्टाचार खणून काढायला. १६८५ ला केपटाऊन, तिथे गुलामांसाठी नियम केले, युरोपीय बापाच्या गुलाम मुलांना ठराविक वयानंतर मोकळं करायचं वगैरे, पण गुलामगिरी तशीच ठेवली. मग सिलोन, बंगाल, कोरोमंडल (भारताचा आग्नेय किनारा). कोरोमंडलचं मुख्य ठाणं पुलिकतहून नागपट्टिणमला हलवलं ते त्याच्याच काळात.

१६९१ च्या शेवटी तो कोचीनहून सुरतेला निघाला, आणि १५ डिसेंबरला जहाजावरच, मुंबईच्या किनाऱ्याजवळ वारला. सुरतेच्या कतारगाम भागात डचांनी त्याच्यावर मोठी घुमटाची कबर बांधली, ती आजही उभी आहे. ‘हॉर्टस’चा बारावा आणि शेवटचा खंड निघाला १६९३ मध्ये, तोवर त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.