खारीपासून किती हात लांब?

शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा उजव्या हाताचं बोट घट्ट धरून दारात उभा होता. नारळाखाली खारीचं पिल्लू पडलं होतं, मांजर टपून बसलं होतं, म्हणून याने ते उचललं. आणि घाबरलेल्या पिल्लाने बोटात दात रुतवले. दोन बारीक छिद्रं, त्यांच्यावर रक्ताचा ठिपका. आजींनी तोवर त्यात हळद दाबली होती. मागे उभ्या आईचा एकच प्रश्न : आता रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागणार का?

आधी हळद धुतली. मग वाहत्या नळाखाली बोट धरून साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पोराला ती पंधरा मिनिटं चाव्यापेक्षा जड गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली, धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारलं आणि रेबीजच्या लशीची गरज नाही असं सांगितलं. आईचा जीव भांड्यात पडला. पण घरी येईपर्यंत तिने मला तीनदा विचारलं, "नक्की ना?"

ही भीती खोटी नाही. आपल्या देशात रेबीज आहेच, आणि तो एकदा झाला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण खारीच्या बाबतीत ती चुकीच्या दारात उभी राहते. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून, चाव्यावाटे अंगात शिरतो आणि मेंदूपर्यंत पोचायला वेळ घेतो. आपल्या अंगणातली खार भरते जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडी ती सापडली तर जागीच संपते. आजार अंगात मुरवून दुसऱ्याला चावायला ती सहसा उरतच नाही. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते की खारी, उंदीर, ससे यांच्यात रेबीज जवळजवळ आढळत नाही आणि त्यांच्यापासून माणसाला तो झाल्याचं माहीत नाही. तरीही निर्णय डॉक्टरांचाच. खार झोकांड्या खात होती, काही कारण नसताना अंगावर आली, असं काही दिसलं असेल तर ते त्यांना आवर्जून सांगावं. आणि चावणारा कुत्रा, मांजर, माकड किंवा मुंगूस असेल तर हा परिच्छेद विसरून त्याच दिवशी लस घ्यायला जावं.

खारीच्या चाव्यात दुसरं काय असू शकतं, याची मात्र कोणी चौकशी करत नाही. जखम बारीक आणि खोल असते, वरून लवकर मिटते, आत जंतू राहतात. उंदरांच्या तोंडात असणारे काही जंतू खारींकडेही असू शकतात. त्यांच्यामुळे होणारा ताप साधारण तीन ते दहा दिवसांनी येतो, सांधे धरतात, हातापायांवर पुरळ उठतं. वेळेवर ओळखला तर पेनिसिलिनने बरा होतो. अडचण अशी की तोवर चावा विसरलेला असतो आणि डॉक्टरांना कोणी सांगत नाही. म्हणून त्या आईला मी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवायला सांगितली.

चावा तसा क्वचितचा. आपला खारीशी खरा संबंध येतो तो तिच्या घरट्याशी. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागून एक रिकामं घरटं काढलं. फुटबॉलएवढा गोळा. पायपुसण्याचा काथ्या, गादीतला कापूस, सुतळी, माझ्या बायकोच्या हरवलेल्या गुंड्यातली हिरवी लोकर, आणि आत एसीच्या पाइपावरच्या काळ्या फोमचे कुरतडलेले तुकडे. बघत राहावं असं काम. पण त्याच कापसात डोळ्यांना धड न दिसणारे जीव होते : पिसवा आणि रक्त पिणारे माइट. खारी असेपर्यंत ते खारींवर जगतात. घरटं ओस पडलं की भुकेले होऊन खिडकीच्या फटीतून आत येतात आणि मग घरातल्यांच्या कमरेवर, दंडावर लाल खाजरे पुटकुळे उठतात. आपण डास समजून कॉइल लावतो, किंवा घामोळं समजून पावडर.

असं घरटं कोरड्या झाडूने झटकू नये. धूळ उडते आणि वाळलेली विष्ठा नाकात जाते. मास्क आणि हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण शिंपडून पाच-दहा मिनिटं भिजू द्यावं, मग ओल्यानेच पिशवीत भरावं. आणि एसीचं बटण आधी बंद. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला ती वायरही कुरतडते. उघड्या तारेला ओला हात लागला तर कुठल्याही जंतूची वाट पाहावी लागत नाही. घरट्यात पिल्लं असतील तर काही आठवडे कळ काढावी, ती बाहेर पडली की मग काढावं.

उन्हाळ्यात दुसरी जागा म्हणजे गच्चीवरचं वाळवण. खार शेंगदाणा दोन्ही हातांत धरून खाते, तोवर त्याच चादरीवर तिची विष्ठा आणि मूत्रही पडतं. विष्ठेत जुलाब-उलट्या घडवणारा साल्मोनेला असू शकतो, आणि हा जंतू वाळला तरी बराच काळ टिकतो. पण सगळ्या वाळवणाचं भय सारखं नाही. कुरडया-पापड शेवटी कढत तेलात जातात. जपायचं ते न शिजवता तोंडात जाणाऱ्या वस्तूंना : सुकवलेली आंबोशी, कच्चे दाणे, मुखवासाची बडीशेप. त्यांच्यावर मलमलीचं कापड चारही बाजूंनी दाबून बांधलं की झालं. आमच्या आईचा तसा नेमच होता. तिला जंतूचं नाव ठाऊक नव्हतं.

मूत्रातून पसरणारा आजार म्हणजे लेप्टो, म्हणजेच लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती साचलेल्या पाण्यातून. तिथे मुख्य गुन्हेगार उंदीर आणि घुशी. खारीही हा जंतू वाहू शकतात. त्याच २००५ मध्ये जपानात अमेरिकेतून आणलेल्या उडत्या खारी हाताळणाऱ्यांना लेप्टो झाला होता. पण या जंतूला ओल लागते, उन्हाने तापलेल्या कोरड्या गच्चीवर तो फार तग धरत नाही. म्हणून गच्चीच्या फरशीपेक्षा गच्चीवरची टाकी बघा. झाकण तुटलेलं, खार पाणी प्यायला उतरली, गुळगुळीत भिंतीवरून वर येता आलं नाही. पाण्याला वास येईपर्यंत खाली कोणाला पत्ता नसतो. झाकण बदलण्याइतका स्वस्त उपाय या लेखात दुसरा नाही.

परदेशात खारींमुळे माणसं आजारी पडली, काही दगावली, त्या प्रकरणांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट दिसते. जर्मनीच्या साक्सोनी-आन्हाल्ट राज्यात २०११ ते २०१३ या काळात तीन वयस्क पुरुष मेंदूज्वराने गेले. तिघंही मध्य अमेरिकेतल्या रंगीत खारींची पैदास करणारे. त्यांच्या मेंदूत आणि एका खारीत बोर्ना गटातला एक नवाच विषाणू सापडला. २०१५ मध्ये ते जगाला कळलं. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत मंकीपॉक्सचे ४७ रुग्ण निघाले. घानाहून विक्रीसाठी आणलेल्या प्राण्यांत खारी होत्या, त्या प्राण्यांजवळ ठेवलेल्या प्रेअरी डॉगना लागण झाली आणि तिथून माणसांना. प्रेअरी डॉग नावाला कुत्रा, कूळ खारींचंच. यातला एकही आजार झाडावरून पळणाऱ्या खारीने दिला नाही. पिंजरा, पैदास, विक्री, हातात घेणं, चावणं, ओरबाडणं यांतून ते आले.

आपल्याकडचं उदाहरण माकडतापाचं. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा ताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे, काजूच्या बागांतून काम करणाऱ्यांना झाला. त्याचा विषाणू रानातल्या पट्टेवाल्या खारीतही मिळालेला आहे. मात्र माणसाला तो देते गोचीड. त्या भागात पालापाचोळ्यात बसताना खारीकडे नव्हे, आपल्या पोटऱ्यांकडे बघायचं असतं.

राहिलं ते पिल्लू. खाली पडलेली पिल्लं आपण मायेने घरी आणतो, ड्रॉपरने गाईचं दूध पाजतो. त्याने त्यांना जुलाब होतात, घाईत पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, आणि महिनाभर आपल्या हातांवर दात-नखांचे ओरखडे उठत राहतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हाही समजच. त्या दिवशी आम्ही जाड फडक्याने पिल्लू उचललं, बुटाच्या खोक्यात जुना कपडा घातला आणि खोकं शिडी लावून नारळाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीच्या वर बांधलं. मांजराला आत कोंडलं. पट्टी बांधलेलं बोट काचेला टेकवून तो मुलगा खिडकीत बसला होता. तासाभराने खार डोकं खाली करून बुंध्यावरून उतरली, खोक्यात शिरली, पिल्लाला तोंडात धरून वर गेली. तो आईला हाका मारायला वळला, तेवढ्यात ती झावळ्यांत दिसेनाशी झाली.